ज्याला जसं पोचतं तसं सांगा: गोव्यात नव्यानं नोकरीला लागलेल्यांसाठी

"पॅकिंग शुक्रवारी जातलें," असं डिस्पॅचमधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला फोनवर सांगितलं आणि मी लगेच वरिष्ठांना मेल टाकला की माल शुक्रवारी जाणार. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात नियोजन विभागात लागून मला तेव्हा तीन आठवडे झाले होते. शुक्रवारी संध्याकाळी पॅकिंग खरंच पूर्ण झालं. गाडी मात्र कुणी बोलावलेली नव्हती, कारण बोलवायला कुणी सांगितलंच नव्हतं. कोकणीत 'जातलें' म्हणजे 'होईल'. जाण्यासाठी त्यांच्याकडे 'वतलें' आहे. माझं घर दोडामार्गचं, घरात मालवणी, त्यामुळे कोकणी आपल्याला येतेच असं मी धरून चाललो होतो. माल सोमवारी गेला आणि दोन दिवस मी फोनवर खुलासे देत राहिलो.

चूक भाषेची होती, पण फक्त भाषेची नव्हती. ते गृहस्थ आयुष्यभर फोनवर आणि समोरासमोर काम करत आलेले होते, त्यांना मेल उघडायची सवय नव्हती. मी ऐकलेलं लगेच मेलमध्ये उतरवून मोकळा झालो. तो मेल त्यांनी वाचला असता तर "अरे, गाडी खंय (कुठे)?" असं तिथल्या तिथे म्हणाले असते. आम्ही दोघंही आपापल्या पद्धतीनं नीट काम करत होतो आणि मधल्या मधे माल अडकला.

गोव्यात नोकरीसाठी सावंतवाडी, बांदा, कोल्हापूर, बेळगाव, पुणे अशा ठिकाणांहून येणाऱ्या मराठी मुला-मुलींना मी गेली काही वर्षं जे तोंडी सांगतो, ते इथे पायऱ्यांनी लिहितो. उदाहरणं माझ्या कारखान्यातली आहेत. हॉटेलात, इस्पितळात किंवा पणजीच्या एखाद्या कार्यालयात असाल तर विभागांची नावं बदलून घ्या.

पहिली पायरी: पंधरा दिवस नुसतं पाहा

नव्या माणसाला आपण किती हुशार आहोत ते दाखवायची घाई असते. ती पंधरा दिवस आवरा. एक छोटी वही घ्या आणि ज्यांच्याशी रोज काम पडणार आहे अशा सात-आठ जणांची नावं एकेका पानावर लिहा. त्या पानावर स्वभाव लिहायचा नाही. 'तुसडा', 'मनमिळाऊ', 'आळशी' असलं काही लिहिलंत तर ते खोडा. फक्त डोळ्यांना दिसलेलं लिहा. मेल पाठवला की हे मेलनंच उत्तर देतात, की उठून तुमच्या टेबलाशी येतात? व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करतात की आवाज रेकॉर्ड करून पाठवतात? मीटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत बोलतात, की शेवटपर्यंत गप्प राहून दुसऱ्या दिवशी सकाळी नेमका मुद्दा काढतात? तुम्ही सगळी पार्श्वभूमी सांगायला लागलात की त्यांची नजर घड्याळाकडे जाते, की उलट पार्श्वभूमी न सांगता थेट मागणी केली की कपाळावर आठी येते?

यातलं मला सगळ्यात उपयोगी पडलेलं निरीक्षण म्हणजे समोरचा माणूस वाचून समजून घेतो की ऐकून. व्यवस्थापनावर लिहिणारे पीटर ड्रकर यांनी १९९९ साली एका लेखात याचं फार बोलकं उदाहरण दिलं होतं. अमेरिकेचे आयझेनहॉवर हे युरोपात सेनापती असताना पत्रकार परिषदा उत्तम घ्यायचे. तेव्हा प्रत्येक प्रश्न अर्धा तास आधी त्यांच्या हातात लेखी येत असे. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ते थेट प्रश्नोत्तरांना उभे राहू लागले आणि भरकटतात म्हणून त्यांच्यावर टीका होऊ लागली. माणूस तोच होता, पण तो वाचणारा होता आणि त्याला ऐकायला लावलं गेलं. उलट केनेडींनंतर राष्ट्राध्यक्ष झालेले लिंडन जॉन्सन ऐकणारे. त्यांना केनेडींचे टिपणं लिहिणारे सहायक मिळाले आणि त्या टिपणांतलं त्यांच्यापर्यंत काही पोचेना. एवढ्या मोठ्या खुर्चीवरच्या माणसांचं असं होत असेल, तर तुमच्या स्टोअर्सच्या इनचार्जला तुमचा दीड पानी मेल कळला नाही म्हणून त्याच्यावर रागावण्यात काय अर्थ आहे?

प्रशिक्षणाच्या वर्गात तुम्हाला कधीतरी एक प्रश्नावली भरायला देतील आणि तुम्ही चारपैकी किंवा सोळापैकी कोणत्या प्रकारचे आहात ते सांगतील. या प्रकारांची मुळं बरीच जुनी आहेत. कार्ल युंगचं मानसप्रकारांवरचं लेखन १९२१ चं, विल्यम मार्स्टनची चार प्रकारांची मांडणी १९२८ ची. गप्पांना विषय म्हणून ते चांगलं आहे. पण सोळा प्रकारांची ती चाचणी काही आठवड्यांनी परत दिली की बऱ्याच जणांचा प्रकार बदललेला निघतो. त्यामुळे 'तो अमुक प्रकारचा आहे' असं धरून त्याच्याशी बोलू नका. वहीतलं निरीक्षण जास्त विश्वासाचं, कारण ते त्या माणसाचं, त्या कामातलं आणि त्या आठवड्यातलं असतं.

दुसरी पायरी: विचारून टाका

पंधरा दिवसांनी वहीत जे रिकामं राहिलं असेल ते सरळ विचारा. नवा माणूस विचारतो तेव्हा कुणालाही वाईट वाटत नाही. सहा महिन्यांनी तोच प्रश्न अवघड होतो. "बाब, तुमकां मेल करूं काय फोन?" ('बाब' ही मोठ्या माणसाला मानानं मारलेली हाक) एवढं एक वाक्य माझं पुढचं वर्षभराचं काम सोपं करून गेलं. समोरून उत्तर आलं, "फोन कर, पूण अकरा उपरांत." अकरापर्यंत ते माल उतरवण्यात असतात आणि तोवर कुणाचाही फोन त्यांना नकोसा होतो, हे मला निरीक्षणानं कळायला कदाचित दोन महिने लागले असते.

आपलंही सांगा. मला तोंडी दिलेले आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की आकडा असेल तर दोन ओळींत लिहून टाका. लोक ते आनंदानं करतात.

तिसरी पायरी: बातमी एक, सांगणं चार तऱ्हांचं

इथे जरा थांबून एक खरंखुरं उदाहरण पाहू, कारण तत्त्व सगळ्यांना पटतं आणि प्रत्यक्षात मेल लिहायला बसलं की हात जुन्या वळणावरच जातो.

समजा गोळ्यांच्या पट्ट्यांसाठी लागणारं अ‍ॅल्युमिनियम फॉइल दोन दिवस उशिरा येणार आहे आणि बुधवारची बॅच शुक्रवारी घ्यावी लागणार आहे. ही गोष्ट चार जणांना सांगायची आहे.

प्लांटचे प्रमुख. त्यांना दिवसाला शंभर गोष्टी येतात. त्यांना निर्णय हवा असतो, कहाणी नको असते. मी लिहितो: "बुधवारची बॅच शुक्रवारी घ्यावी लागेल, फॉइल दोन दिवस उशिरा आहे. बुधवारी लाइन रिकामी न ठेवता पुढच्या आठवड्यातली बॅच आधी घेता येईल. तुमची मंजुरी दुपारी १२ पर्यंत हवी." संपलं. पुरवठादार काय म्हणाला, मी त्याला किती फोन केले, हे त्यांनी विचारलं तरच. माझ्या पहिल्या वर्षात मी आधी सगळी कारणं लिहायचो आणि मागणी शेवटच्या ओळीत यायची. ती ओळ मोबाइलच्या पडद्यावर खाली राहायची आणि मंजुरी यायची नाही. तेव्हा मला वाटायचं, साहेब आपल्याकडे लक्ष देत नाहीत.

गुणवत्ता विभागातल्या बाई. यांच्या बाबतीत नेमकं उलटं. त्यांना 'फॉइल उशिरा आहे' ही माहितीच वाटत नाही. पुरवठादाराचं पत्र, बॅच क्रमांक, जुनी तारीख, नवी तारीख, मधल्या दोन दिवसांत लाइनवर दुसरं उत्पादन गेलं तर लाइन क्लिअरन्स (आधीच्या उत्पादनाचं काही लाइनवर उरलं नाही ना, ही तपासणी) कोण करणार, बदलाला कुणी मान्यता दिली, हे सगळं एका मेलमध्ये, क्रमानं, जोडपत्रांसकट. मग त्यांना अर्धा दिवस द्यायचा. टेबलाशी जाऊन "मॅडम, बघितलंत का?" असं विचारायचं नाही. नवी मुलं त्यांना 'अडवणाऱ्या बाई' म्हणतात, ते ऐकून मला वाईट वाटतं. औषधाच्या पट्टीवर छापलेला बॅच क्रमांक चुकला तर बाजारातून माल परत बोलवावा लागतो. त्या प्रत्येक कागद पाहतात म्हणून तुम्ही-आम्ही रात्री निवांत झोपतो.

मशीनवरचा ऑपरेटर. त्याला मेल पाठवून उपयोग नाही, तो दिवसभर संगणकासमोर नसतोच. कानात इअरप्लग, समोर धडधडणारं मशीन. त्याला शिफ्ट बदलताना, मशीनपासून चार पावलं बाजूला घेऊन सांगा. एका वेळी एकच गोष्ट: "बुधवारी हे नाही, ते उत्पादन लावायचं." मग थांबा. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे, कारण आता तो तुम्हाला सांगणार असतो. एकदा अशा थांबण्यात मला कळलं की बदली आलेलं फॉइल मागच्या खेपेला तापल्यावर सुरकुतलं होतं आणि त्या शिफ्टला तीन तास मशीन बंद होतं. हे कोणत्याच मेलमध्ये कुणीही लिहिलेलं नव्हतं.

स्टोअर्समधले बाब. या पिढीच्या माणसांकडे कामापासून सुरुवात केलीत तर काम होईल, पण तेवढंच होईल. आधी विचारा, "चवथीची तयारी खंय पावली?" माटोळीचं (गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या छताचं) सामान, मूर्ती कुणाकडे घातलीय, पाऊस कसा आहे. तीन-चार मिनिटं जातात. नव्या माणसाला ती वाया गेल्यासारखी वाटतात. मलाही वाटायची. पण पुढे ज्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता गोदाम उघडून एक रोल काढून द्यायची वेळ आली, त्या दिवशी ते माझ्यासाठी थांबले. मात्र कामाची गरज असेल तेव्हाच चवथीची चौकशी करणारा माणूस त्यांना पहिल्याच वाक्यात ओळखू येतो. काम नसतानाही आठवड्यातून एकदा त्या बाजूनं जा.

आणखी एक जण प्रत्येक विभागात असतो, मीटिंगमध्ये न बोलणारा. बहुतेक वेळा तो नवाच असतो, कधी इंग्रजीची भीती असते, कधी विचार करूनच बोलायची सवय असते. त्याला सगळ्यांसमोर अचानक "तुझं काय मत?" असं विचारू नका. प्रश्न आदल्या दिवशी पाठवा. आमच्याकडच्या देखभाल विभागातल्या एका मुलाला मी असं करू लागल्यापासून मीटिंगमधला सगळ्यात नेमका मुद्दा बहुतेक वेळा त्याचाच असतो.

या सगळ्यात एक गोष्ट कधी हलू द्यायची नाही. क्रम बदला, लांबी बदला, माध्यम बदला, भाषा बदला. बातमी बदलू नका. प्रमुखांना 'दोन दिवस', ऑपरेटरला 'बहुतेक तीन-चार दिवस' आणि गुणवत्ता विभागाला 'थोडासा उशीर' असं ज्याला जे रुचेल ते सांगितलंत तर चहाच्या वेळी ते तिघं एकत्र येणारच आहेत. समोरच्याला सोयीचं करून सांगणं आणि समोरच्याला गोड लागेल असं सांगणं यातला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या शब्दाला एका पावसाळ्यात किंमत उरत नाही.

चौथी पायरी: कोकणी येते असं समजू नका

मराठी माणसाची गोव्यातली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे कोकणी ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. कन्नड किंवा तमिळ कळत नाही हे तरी आपल्याला कळतं. इथे ऐंशी टक्के कळतं आणि उरलेल्या वीस टक्क्यांत गाडी अडते. 'जातलें' आपण पाहिलंच. 'जाय' म्हणजे जा नव्हे, 'हवं'. 'म्हाका जाय' असं कुणी म्हणालं तर त्याला काहीतरी पाहिजे आहे, त्याला घरी जायचं नाहीये. 'जायना' म्हणजे 'होत नाही'. 'फाल्यां' म्हणजे उद्या. 'मात्शें राव' म्हणजे जरा थांब. आणि 'पळोवया' म्हणजे 'पाहू'. हा शब्द नीट ओळखायला शिका. पुष्कळदा तो खरोखरच 'पाहू' असतो, पण तोंडावर नकार द्यायचा नाही म्हणूनही वापरला जातो. असं उत्तर आलं की तारीख मागत बसण्यापेक्षा "कितें आड येता?" असं विचारा. अडचण बाहेर येते, आणि निम्म्या वेळा ती तुम्हाला सोडवता येण्यासारखी असते.

दुसरी गोष्ट मानाची. कोकणीत 'तूं' खूप मोकळेपणानं वापरतात. अनेक घरांत आई-वडिलांना, आजी-आजोबांनाही 'तूं'च. पुण्याहून आलेल्या एका मुलीला कनिष्ठ पदावरच्या सहकाऱ्यानं 'तूं येतली?' असं विचारलं आणि ती दोन दिवस घुश्श्यात होती. त्यात अपमान नव्हता, जवळीक होती. तसंच तरुण मुलीविषयी बोलताना कोकणीत नपुंसकलिंग येतं, 'तें आयलें', 'तें गेलें'. मराठी कानाला हे खटकतं, कुणी आपल्याला वस्तू समजतंय असं वाटतं. तिथे ते वयाला धरून आलेलं साधं व्याकरण आहे. तुम्ही मात्र आपल्या बाजूनं मोठ्यांना 'तुम्ही' म्हणा आणि नावापुढे 'बाब' किंवा 'बाय' लावा. त्यात कुणाचं काही बिघडत नाही आणि ऐकणाऱ्याला बरं वाटतं.

लिपीचंही पाहा. फोंडा, डिचोली, पेडणे या भागांतल्या कितीतरी घरांत कोकणी बोलतात आणि सकाळी पेपर मराठी वाचतात; भजन आणि नाटकही मराठीत. त्यांना तुमचा मराठी मेसेज सहज चालतो. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीकडच्या अनेक ख्रिस्ती सहकाऱ्यांची लिहायची कोकणी मात्र रोमन लिपीतली असते आणि त्यांना देवनागरी वाचायला वेळ लागतो. सगळ्यांच्या ग्रुपवर लांबलचक देवनागरी मेसेज टाकलात तर काही जणांना तो कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागेल आणि ते तसं सांगणारही नाहीत. ग्रुपवर सोपं इंग्रजी ठेवा आणि समोरासमोर कोकणी बोलायचा प्रयत्न करा. तुमची मोडकीतोडकी कोकणी ऐकून कुणी हसलं तर ते आपुलकीनं हसतात. पहिल्या महिन्यात मी 'कितें' (काय), 'खंय' (कुठे), 'केन्ना' (केव्हा) आणि 'देव बरें करूं' (आभार) एवढ्यावर भागवलं.

आणि एक कळकळीची विनंती. "कोकणी ही मराठीचीच बोली ना?" हे वाक्य जेवणाच्या टेबलावर कधीही उच्चारू नका. साहित्य अकादमीनं १९७५ साली कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ च्या कायद्यानं ती गोव्याची राजभाषा झाली (त्याच कायद्यात सरकारी कामासाठी मराठीच्या वापरालाही जागा आहे), आणि १९९२ साली ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत गेली. यामागे इथल्या माणसांचं मोठं आंदोलन आहे, घराघरांत त्याच्या आठवणी आहेत, आणि मराठीच्या बाजूनं उभे राहिलेलेही इथलेच गोमंतकीय आहेत. तुम्ही बाहेरून येऊन सहज टाकलेलं एक वाक्य त्या सगळ्यावर पाय देऊन जातं. मी पाहिलंय, अशा एका वाक्यानंतर एका चांगल्या मुलाशी स्टोअर्समधले लोक पुढचे सहा महिने फक्त कागदापुरतंच बोलत होते.

पाचवी पायरी: वेळ ओळखा

गोव्यात आलेल्या माणसाला 'सुशेगाद' हा शब्द पहिल्याच आठवड्यात शिकवला जातो. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ शांत, निवांत. बाहेरचे लोक तो 'इथे कुणी काम करत नाही' अशा अर्थानं वापरतात. तो तसा वापरू नका, मनातसुद्धा नको. पेडण्याहून किंवा सत्तरीतून कंपनीच्या बसनं वेर्ण्याला येणारी बाई पहाटे पाचला उठून घरचं सगळं करून निघालेली असते. संध्याकाळी साडेपाचला तिची परतीची बस सुटते. ती चुकली तर पुढे दोन बस बदलून घर. पाच वीसला तुम्ही तिच्यापुढे नवीन काम ठेवलंत आणि ती "फाल्यां" म्हणाली, तर त्याचा अर्थ उद्याच. बस सुटायच्या आधीचा अर्धा तास कुणाकडेही नवीन विषय काढू नका. तातडीचं असेल तर तीनच्या चहाला काढा. बाहेरच्या पुरवठादारांशी काम असेल तर लक्षात ठेवा, मडगाव-म्हापशात अनेक दुकानं दुपारी एकनंतर बंद होतात आणि तीन-साडेतीनला उघडतात.

वर्षाचं कॅलेंडरही वहीत लिहा, आणि ते नुसत्या सरकारी सुट्ट्यांचं नको. चवथीला कारखान्याची निम्मी माणसं मूळ घरी असतात, त्या आठवड्यात कुणाकडूनही निर्णयाची अपेक्षा ठेवू नका. डिसेंबरची ३ तारीख जुन्या गोव्याच्या फेस्ताची (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या सणाची). २४ जूनला सांजाव, म्हणजे सेंट जॉनचा सण. शिवाय प्रत्येक गावाची जत्रा आणि प्रत्येक वाड्याचं फेस्त वेगळ्या दिवशी. माझ्या शेजारी बसणारा सहकारी शिरगावच्या लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत पाळणारा भक्त आहे. व्रताच्या दिवसांत तो कँटीनला येत नाही. पहिल्या वर्षी मी त्याला "आज जेवायला का नाही?" असं सगळ्यांसमोर चार वेळा विचारलं. आता त्या दिवसांत मी त्याच्याशी जेवणाच्या टेबलावर व्हायच्या कामाच्या गोष्टी सकाळीच बोलून घेतो.

सहावी पायरी: परत म्हणून घ्या

विमानाचा पायलट नियंत्रण कक्षाकडून आलेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवतो. ऐकलं म्हणजे पोचलं असं त्या व्यवसायात कुणी धरत नाही. आपल्याला वाटतं, एवढं सोपं तर सांगितलंय. एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीनं १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एक प्रयोग केला होता. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी तीन ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर वाजत असतो. समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. कामाचं बोलताना आपण सगळे त्या वाजवणाऱ्याच्या जागी असतो.

पण "आता मी काय सांगितलं ते परत सांगा" असं वयानं मोठ्या माणसाला म्हणता येत नाही. त्यासाठी बाजू फिरवा, आपणच परत म्हणा: "म्हणजे बाब, पॅकिंग शुक्रवारी पूर्ण होणार, आणि गाडी मी बोलवायची, बरोबर?" चूक असेल तर समोरचा लगेच दुरुस्त करतो. नंतर ज्यांना लिहिलेलं चालतं त्यांना दोन ओळी पाठवा. ज्यांना चालत नाही त्यांच्या वतीनं आपल्या वहीत तारीख, वेळ टाकून लिहा. आणि तारीख नेहमी वारासकट सांगा. 'परवा' हा मराठीतला शब्द मागचाही असतो आणि पुढचाही, त्यावर आमच्याकडे एकदा एक ट्रक दोन दिवस गेटवर उभा होता.

सातवी पायरी: बिनसलं तर

बिनसणार आहेच. कुणीतरी ग्रुपवर तुमची चूक सगळ्यांसमोर काढेल, किंवा तुम्हीच कुणाची काढाल. ग्रुपवर उत्तर देऊ नका. उठा आणि त्या माणसाकडे चालत जा. दुसऱ्या इमारतीत असेल तर फोन करा. रागाच्या भरात लिहिलेला मेल मसुद्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाचा. माझ्या मसुद्यांत असे काही पडून आहेत आणि एकही पाठवावा लागला नाही. चूक आपली असेल तर जिथे झाली तिथेच कबूल करा: ग्रुपवर झाली असेल तर ग्रुपवर, एकट्यात झाली असेल तर एकट्यात. त्या 'जातलें'च्या प्रकरणानंतर मी डिस्पॅचला जाऊन "माझ्या ऐकण्यात चूक झाली" असं सांगितलं. त्यांनी खुर्ची पुढे केली, कॅलेंडरवर बोट ठेवून मला 'जाता', 'वता', 'येता' तिन्ही समजावले, आणि त्या दिवसापासून प्रत्येक फोनच्या शेवटी विचारू लागले, "गाडी कोण आपयता?" म्हणजे गाडी कोण बोलावतो.

एक सांगायचं राहिलं. वहीतली पानं दर चार-सहा महिन्यांनी परत वाचा आणि खोडा. आमच्या लाइनवरचा एक मुलगा फोनशिवाय बोलायचा नाही, सुपरवायझर झाल्यावर तीन शिफ्टचा हिशेब त्याच्याकडे आला आणि आता तो म्हणतो, "फोन नाका, बरोवन धाड." लिहून पाठव. मी त्याच्या पानावरचा 'फोन' खोडून 'मेसेज, सकाळी आठच्या आत' असं लिहिलंय.